आडवं चित्र, उभं चित्र

बेसार महिना उतरणीला लागला, की सुम्बेरजातीत दोन दिवसांआड मांडव पडायचा. पुढचा महिना सुरोचा, आणि सुरोत लेकीचं लग्न लावायला जावा बेटावरचा कुठलाच बाप धजत नाही. म्हणून बेसारचे शेवटचे दहा-बारा दिवस म्हणजे नुसती झुंबड. एकेकाळी या दिवसांत उन्हं वर यायच्या आत तुमिनीच्या दाराशी माणसं येऊन बसायची. तिची तारीख मिळत नाही म्हणून लग्न चार दिवस पुढे नेलेली घरं तिला अजून आठवत होती. या वर्षी तिच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल गोल एकच होता, आणि तोही गॅसची टाकी कधी बदलली त्याचा.

कॅमेऱ्याची काळी पिशवी खुंटीला लटकत होती. पालीनं तिच्या कप्प्यात अंडं घातलं होतं.

"राहू दे," ओट्यावर शेंगा फोडत बसलेला तिचा नवरा सार्जू म्हणाला. "कुणाच्या तरी उपयोगी पडतेय ना पिशवी."

सार्जूनं पंधरा वर्षं कॅमेरा खांद्यावर वाहिला. कॅसेटचा काळ होता तो. कॅमेरा धोंड्यासारखा जड, आणि मागे दिवा धरून तुमिनी. दिवा असा तापायचा, की नवरीच्या कपाळावरची काळी नक्षी ओघळून भुवईत उतरायची. त्याच दिव्यानं तुमिनीच्या उजव्या मनगटावर सुपारीएवढा डाग ठेवला होता. पुढे सार्जूचा खांदा गेला, तेव्हा तिनं दिवा खाली ठेवून कॅमेरा उचलला. बायका पदराआड हसल्या. मग त्याच बायका तिला बोलवायला लागल्या, कारण बाईमाणूस असलं की नवरी सजते त्या खोलीतही जाता येतं.

आता त्या एंदाहला बोलवत होत्या.

एंदाह ही तीन वर्षांपूर्वी मादियुन शहरातून या गावात सून म्हणून आलेली पोर. चित्रं कापायची-जोडायची कशी, ते तुमिनीच्याच कम्प्युटरपाशी बसून शिकली. तुमिनी तिला भात वाढायची, उरलेली केळी बांधून द्यायची. आणि शिकून झाल्यावर या बाईनं कॅमेरा घेतलाच नाही. फोन काढला, काठीवर उभा लावला आणि लग्नं उभी टिपायला लागली. तुमिनीला ते किलकिल्या दारातून डोकावल्यासारखं वाटायचं. मधले नवरानवरी तेवढे दिसतात. कडेला बसलेले आईबाप गेले भिंतीआड. पण लोकांना हेच आवडत होतं. पंगतीत वाटी पुढे करावी तसे फोन पुढे करून बायका एकमेकींना दाखवायच्या, "बघ, एंदाहनं काढलंय."

हे 'एंदाहनं काढलंय' तुमिनीला माशाच्या काट्यासारखं घशात टोचायचं.

सगळे मानानं 'पाक' म्हणत तो गिमिन आला तेव्हा ती पिशवीवरची धूळ झटकत होती. तो आत आला नाही. उंबऱ्याशी टेकला आणि डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर फिरवत राहिला.

"बु तुमिनी," त्यानं मानानं हाक मारली, "वारसीचा फोन होता."

वारसी म्हणजे गिमिनची बायको. अकरा वर्षं झाली, हाँगकाँगला एका म्हातारीची सेवा करून ती घर चालवत होती. आणि वारसी म्हणजे तुमिनीची जिवाची मैत्रीण. चपलांच्या एकाच जोडावर दोघींनी शाळेची वर्षं काढली होती. ऊन तापलं की निम्म्या वाटेवर जोड बदलायचा.

"लेकीच्या, निंग्रुमच्या लग्नाचं ना?" तुमिनीनं विचारलं. "मी तारीख मनात धरूनच ठेवलीय."

"हो, पण तिला रजा मिळाली नाही. सगळं फोनवरच बघायचंय. म्हणून एंदाहला सांगितलंय तिनं. परस्पर."

तुमिनीचा हात पिशवीवरच थांबला.

"आणि मी काय करू? भात वाढू?"

"अहो, असं कसं!" गिमिन चाचरला. "लग्नानंतर पाचव्या दिवसाच्या पंगतीला सगळ्या गावाला मोठ्या पडद्यावर दाखवायचंच आहे. कम्प्युटरचं तुमचं, फोनचं एंदाहचं. दोघी हव्यातच की आम्हाला."

तो गेल्यावर सार्जू शेंगेचं टरफल फुंकत म्हणाला, "गाय वाटून घ्यावी तसं झालं. तुझ्या वाट्याला शिंगं आली का गं?"

पालीचं अंडं उचलून तिनं परसातल्या केळीखाली ठेवलं, आणि मग उगाचच ते ठेवलेली जागा पायानं सारवल्यासारखी करत उभी राहिली.

रविवारी वारसीला सुट्टी असायची. तुमिनीनं फोन लावला. वारसी बागेत पुठ्ठा अंथरून गाववाल्या बायकांबरोबर बसली होती. मागे त्यांची खिदळ ऐकू येत होती.

"मिनी, चिडू नकोस," वारसी आधीच म्हणाली. "मागे माझ्या भाचीच्या लग्नाचं तू पाठवलंस ना, ते मी भांडी घासताना बघितलं. नळापाशी फोन टेकवून. वर काळं, खाली काळं, मधे एक पट्टी. त्या पट्टीत मुंग्या. त्यातली भाची कुठली आणि जावई कुठला?"

"फोन आडवा धरायचा."

"कुठल्या हातानं? एका हातात म्हातारीचा वाडगा असतो. आवाज लावता येत नाही, ती झोपलेली असते. आणि तू नावं लिहितेस ती अगदी तळाला, मुंगीच्या पायाएवढी, वर वेलबुट्टी काढून. नेमकी तिथंच फोनची बटणं येतात. ती एंदाह बघ. आज निंग्रुमनं कापड आणलं, आज भिंत रंगवली, रोज काहीतरी धाडते. अक्षरं ही एवढाली. तिच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय घास उतरत नाही माझ्या."

"बरं आहे मग," तुमिनी म्हणाली.

"मिनी?"

"बरं आहे म्हटलं ना."

वारसी आपल्याशी शेवटचं कधी बोलली, ते तिनं बोटांवर मोजलं आणि मोजणं अर्ध्यावर सोडलं. काम गेलं हे एक. पण रोजचा घास? तो त्या परक्या पोरीच्या बोलण्यावर उतरावा?

त्या दुपारी तिनं भाचीचं लग्न स्वतःच्या फोनवर लावलं आणि फोन मोरीतल्या नळाशी टेकवून भांडी घासायला बसली. राखेनं हात भरलेले. वर काळं, खाली काळं, मधे पट्टी. तिनं मान पुढे काढली. ज्या लग्नात दिवसभर वाकून तिची कंबर मोडली होती, ते सगळं लग्न तांदळाच्या दाण्याएवढं झालं होतं. नावांच्या जागी एक केसाएवढी रेघ होती. वारसी खोटं बोलत नव्हती. त्याचाच जास्त राग आला.

"काय झालं?" सार्जूनं विचारलं.

"काही नाही. मुंग्या झाल्यात."

"साखर सांडलीस का?"

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. जखमेवर लावायची चिकटपट्टी कापून तिनं दोन उभ्या पट्ट्या कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर चिकटवल्या, मधे फोनच्या रुंदीएवढी जागा ठेवून. जे महत्त्वाचं ते या दोन पट्ट्यांच्या मधे राहिलं पाहिजे; बाकीचं कडेला असू दे. मग मोठ्या पडद्यावर अख्खं दाखवता येईल आणि फोनसाठी दोन्ही बाजू कापल्या तरी नवरीचं नाक शाबूत राहील. तिनं सार्जूला अंगणात चालायला लावलं. कोंबड्या टिपल्या. शेजारणीचं लुगडं वाळत होतं, ते टिपलं. एरवी ती गर्दी मावावी म्हणून मागे मागे सरकायची. आता पुढे जायला शिकली. वेलबुट्टी काढून टाकली, अक्षरं जाड केली आणि तळातून उचलून वर आणली. चार दिवसांत तिचे गुडघे सुजले.

"हे सगळं वारसीसाठी?" सार्जूनं विचारलं.

"एंदाहच्या नाकावर टिच्चून," ती म्हणाली.

लग्नाच्या आदल्या दिवशी सगळी आळी गिमिनच्या परसात राबत होती. मोठ्या कढईत जेनांग रटरटत होतं. चिकट, काळपट, नारळाच्या दुधाचं. ते ढवळायला दोघी-दोघी लागतात, एक थांबली की तळ धरतो. तुमिनी लाकडी वल्हं ओढत होती. घाम हनुवटीवरून ठिबकत होता. तेवढ्यात एंदाह येऊन शेजारी बसली.

"बु, एक विचारायचं होतं. उद्याचं सुंगकेम कुठे होईल? नवरी आईबापाच्या गुडघ्यावर डोकं टेकते तेवढंच वारसी बुंना जवळून बघायचंय. उभ्या चित्रात मांडवाची दोन्ही टोकं मावत नाहीत. फोन एकदा लावला की लावला."

"सुंगकेम आईबापापाशीच होतं. आणखी कुठे?"

"म्हणजे पाक गिमिनपाशी? आईच्या जागी त्या आजी बसणार म्हणतात, एंबाह तुकिनाह."

तुमिनीनं वल्हं ओढलं. तिला सगळं ठाऊक होतं. गावातल्या बायका परदेशी जायला लागल्या त्या पहिल्या वर्षांत, एका लग्नात आईच्या जागी शेजारीण बसली होती. बापाला खेटून, खुर्चीला खुर्ची लावून. वर्ष सरलं नाही तोच ती शेजारीण त्या बापाच्या घरात नांदायला गेली. ते लग्न तुमिनीनंच टिपलेलं. तेव्हापासून सुम्बेरजातीत आईच्या जागी बसणारी बाई बापाच्या शेजारी बसत नाही. ती मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला, डाव्या खांबापाशी, बुटक्या चौरंगावर बसते. गावात हे कुणाला सांगावं लागत नाही. एंदाह मात्र मादियुनची.

"बाप कुठे बसतो ते बघ आणि तिथं लाव," तुमिनी म्हणाली.

यात खोटं काहीच नव्हतं.

"उपकार झाले, बु," एंदाह म्हणाली आणि तिच्या हातातलं वल्हं घेऊन ढवळायला लागली.

लग्नाच्या सकाळी वारा सुटला होता. सागाची वाळकी पानं मांडवाच्या छतावर खरखरत होती. तुमिनीनं कॅमेरा समोर, बरोबर मधोमध लावला. दोन पट्ट्यांच्या मधे नवरानवरीचं सिंहासन. उजव्या टोकाला, गिमिनच्या खुर्चीसमोर, एंदाहचा फोन काठीवर उभा होता. तुमिनीनं तो पाहिला आणि तोंड फिरवलं.

एवढ्यात आतून बोलावणं आलं. नवरीच्या खोलीत निंग्रुम कपाळावर काळी नक्षी रेखून, डोक्यावर मोगरा माळून ताठ बसली होती. मान हलवायची सोय नव्हती, म्हणून आरशातूनच, मावशीला मारावी तशी हाक मारून ती बोलली.

"बुलिक, एंबाह तुकिनाहचे पाय सुजलेत. उठता येत नाही. तुम्ही बसा आईच्या जागी."

"मी? अगं, माझा कॅमेरा!"

"कॅमेरा काठीवर उभा राहील. चौरंगावर बसेल का तो?" मग हळूच, "मी नऊ वर्षांची असल्यापासून शाळेतून कुणाच्या घरी येत होते, बुलिक?"

तुमिनीला नाही म्हणता आलं नाही. तिला दुसरं लुगडं नेसवलं, केसांत काटा खुपसला, आणि पंचवीस-तीस वर्षं मांडवात वाकून फिरलेली बाई पहिल्यांदाच लोकांसमोर ताठ बसली. डाव्या खांबापाशी. बसल्यावर तिच्या ध्यानात आलं. तिचा कॅमेरा तिच्याविना समोर टक लावून होता, रिकाम्या होऊ घातलेल्या सिंहासनाकडे. एंदाहचा फोन पार दुसऱ्या टोकाला. इथं, या चौरंगापाशी जे होणार होतं, ते बघायला कुणीच नव्हतं.

अजून हाक मारता आली असती. तिनं ओठ उघडलेही. मग एंदाह कुणाशी तरी हसून बोलताना दिसली आणि ओठ मिटले.

निंग्रुमनं आधी बापाच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मग नवरा-नवरी उठले आणि डाव्या खांबाकडे निघाले. एंदाहचा चेहरा पडलेला तुमिनीनं तिथून पाहिला. मधे वडीलधाऱ्यांची अख्खी रांग बसलेली; त्यांच्या समोरून ताठ मानेनं जाता येत नाही. एंदाहनं फोन काठीवरून ओढला, कमरेत वाकली, मग गुडघ्यांवर आली आणि रांगायलाच लागली. चहाचे पेले, केळ्यांची ताटं, म्हाताऱ्यांचे पाय चुकवत.

"बदक चाललंय बघा!" कुणीतरी म्हणालं आणि रांगेत हशा पिकला.

तुमिनीच्या मनात गार पाणी शिंपडल्यासारखं झालं. क्षणभरच. कारण तेवढ्यात निंग्रुमचं कपाळ तिच्या गुडघ्यावर टेकलं. मोगऱ्याचा आणि तेलाचा वास आला.

"आई," ती गुडघ्यातच बोलली, "मी रागावले होते तुझ्यावर. आता नाही."

तुमिनीचा उजवा हात आपोआप तिच्या केसांवर गेला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं कम्प्युटर लावला. चित्रात सगळं मावलं होतं. छत, सिंहासन, पाहुणे, सगळं स्वच्छ. दोन पट्ट्यांच्या मधे रिकामं सिंहासन, आणि अगदी डाव्या कडेला बोटाच्या नखाएवढी एक बाई व तिच्या पायाशी एक ठिपका. तिनं चित्र मोठं केलं. चेहरे ओळखू आले, पण पाण्यात बघितल्यासारखे फुटले. आवाज तर नव्हताच. छतावरची पानं तेवढी खरखरत होती. तीनदा बघून ती उठली, चपला घातल्या आणि जन्मात पहिल्यांदा एंदाहच्या दारी गेली.

एंदाह दोन्ही गुडघ्यांना हळद लावून बसली होती. न बोलता तिनं फोन पुढे केला. उभ्या चित्रात मोगरा, केस आणि त्यावर एक हात. बाकी कुणाचा चेहरा नाही. पण आवाज असा, की निंग्रुमचा श्वासही ऐकू येत होता.

"तुझ्याकडे चेहरे नाहीत," तुमिनी म्हणाली.

"तुमच्याकडे?"

"आहेत. जवळ नाहीत." तिनं फोन परत केला. "खांबाचं मी तुला मुद्दाम सांगितलं नाही."

"कळलं मला. इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे म्हणे." एंदाहनं गुडघ्यावरची हळद खरवडली. "मीही तुम्हाला एक सांगितलं नाही, बु. वारसी बु रोज मला विचारायच्या, मिनीचं कसं चाललंय, तिला म्हणावं फोन कर. मी म्हणायची, सांगते. कधी सांगितलं नाही. रोज माझ्याशी बोलायच्या आणि विचारायच्या तुमचं."

अंगणात शेंगांचं वाळवण होतं. कोंबडी शेंगांत शिरली. तिला हाकलायला दोघी एकदमच उठल्या.

मग दोन दुपारी त्या तुमिनीच्या कम्प्युटरपाशी बसल्या. मोठ्या पडद्यासाठी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली: डावीकडे चेहरे, उजवीकडे हात. फोनसाठी तीच चित्रं एकाखाली एक: वर चेहरे, खाली हात. लहान झाल्यावर फुटलेले चेहरेही सावरले. मधे एक पट्टा सोडून निंग्रुमचे आणि तुमिनीचे शब्द जाड अक्षरांत लिहिले, आवाज न लावता वाचता यावेत म्हणून. तुमिनी म्हणायची, "थोडं मोठं कर." एंदाह म्हणायची, "बु, एवढं मोठं पंचायतीच्या पाटीवर असतं." आणि मोठं करायची. एकदा तुमिनीनं तिला बदक म्हटलं. एंदाह हसली, पण जरा उशिरा.

पाचव्या दिवशी गिमिनच्या अंगणात पांढरं कापड टांगलं. सुंगकेम आलं तेव्हा शेंगा फोडणारे हात थांबले. सार्जू मोठ्यानं म्हणाला, "अरे, ही तर माझी बायको!" सगळे हसले, आणि तुमिनीला वाटलं, आपण मांडवात होतो याचा हा पहिलाच पुरावा. शेवटी नाव आलं, 'तुमिनी आणि एंदाह'. त्या 'आणि'कडे बघताना अजूनही किंचित टोचलंच.

फोनवरचं चित्र वारसीला गेलं होतं. तिचं बोलून धाडलेलं उत्तर दुसऱ्या सकाळी आलं. एंदाहच्या नाही, तुमिनीच्या फोनवर. नळ वाहत होता त्यात.

"मिनी, बघितलं. नळापाशी टेकवूनच बघितलं. सगळं दिसलं, सगळं वाचता आलं. अकरा वेळा बघितलं." मग नुसताच नळ. "तुझी असूया वाटली मला. अशी वाटली, की म्हातारीचा वाडगा हातातून पडला. ती रागावले होते म्हणाली, आणि तू म्हणालीस, माहीत आहे मला. ते मी म्हणायचं होतं, मिनी. तुला काय माहीत होतं? मला माहीत होतं." पुन्हा नळ. "तू बसलीस ते बरंच केलंस. दुसरी कुणी बसली असती तर मी मेले असते. पण माझ्यापुरतं एक वेगळं करून दे. फोनपुरतं. त्यात तू नको. पोर असू दे, गुडघा असू दे. हात राहू दे. हात कुणाचाही असू शकतो. तुझा चेहरा तेवढा काढ. आणि ते वाक्य. एंदाहला सांगू नकोस."

तुमिनीनं ते तीनदा ऐकलं. सार्जू म्हणाला, "काय म्हणते वारसी?"

"छान झालंय म्हणते."

तिनं कम्प्युटर लावला. वरचं चित्र काढून टाकलं; त्याबरोबर तिचा चेहरा गेला, केसांतला काटा गेला, ताठ बसलेली पाठ गेली. आपलं वाक्य तिनं आवाजातून कापलं आणि पट्ट्यावरून पुसलं. खालचं उभं चित्र तेवढं उरलं, आणि ते सगळ्या फोनभर पसरलं. उभ्या चौकटीत कडेची माणसं कापली जातात म्हणून ती वर्षभर बोटं मोडत होती. आता कापली गेलेली कड ती स्वतःच होती.

मोगरा, केस, गुडघा, हात. बरोबर मधोमध.

पण हा हात कुणाचाही असू शकत नव्हता. मनगटावर सुपारीएवढा डाग होता, आणि तो डाग वारसीनं ओळखला नसता तर कुणी ओळखला असता? भाजलं त्या दिवशी कोरफड वारसीनंच लावली होती.

तुमिनीनं नावाची अक्षरं घेतली. तळाला नाही ठेवली, तिथं बटणं येतात. जाड केली, चष्म्याशिवाय वाचता येतील एवढी. 'आई: वारसी.' आणि एकेक बोट सरकवत ती वर आणली, पोरीच्या केसांना धक्का लागू न देता, मनगटावरचा डाग पुरता झाकला जाईपर्यंत.